देवराव उमाटे यांचा जोड

देवराव उमाटे नळीचे तोंड उघडे ठेवीत नसे. त्याच्याविषयी एकच वाक्य लिहायचे झाले, तर मी हेच लिहीन.

तांब्याची नळी कापली की तिच्या दोन्ही तोंडांत तो आधी चिंधी कोंबी. बाकीचे काम त्यानंतर. या चिंध्या बायकोच्या जुन्या लुगड्याच्या असत. धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या, पत्र्याच्या डब्यात घड्या घालून ठेवलेल्या. वर्ध्याला कापसाचा हंगाम सुरू झाला की बाजाराच्या बाजूने हवेत तंतू उडत राहतात. त्यातला एखादा नळीत गेला, तर पुढे एखाद्या बारीक जागी अडकणार आणि यंत्र गुदमरणार, हे खरेच होते. परंतु बंद खोलीत, भर पावसाळ्यात, तंतूचा मागमूस नसतानाही, नुसते तंबाखू मळायला उठायचे झाले तरी तो चिंधी लावल्यावाचून उठत नसे. मी एकदा हटकले. तो म्हणाला, "मेल्या मानसाचंबी तोंड मिटवते लोकं, भाऊ. हे तं जित्ती हाय."

आम्ही दोघे वर्ध्यातील एका दुकानासाठी काम करीत होतो. दुकान थंड हवेची यंत्रे विकी व बसवून देई. सत्तरीच्या दशकात आमच्या जिल्ह्यात अशी यंत्रे फार नव्हती. तेलाच्या गिरणीची कचेरी, एखाद्या व्यापाऱ्याची पेढी, एखादे चित्रपटगृह, एवढाच पसारा. यंत्राचे दोन भाग असत. एक खोलीत, गार हवा सोडणारा. दुसरा बाहेर ओट्यावर. त्यात मोटार, पंखा आणि उष्णता बाहेर टाकणारी जाळी. दोहोंच्या मध्ये दोन नळ्या, एक जाड, एक बारीक, आणि त्यांतून फिरणारा गॅस. बाहेरच्या भागापर्यंत वीज नेणे हे माझे काम. दोन्ही भाग नळ्यांनी जोडणे हे देवरावचे. पहिल्याच कामावर त्याने मला सांगून टाकले, "तुमच्या तारेले मी हात लावन नाई. माह्या नळीले तुमी लावू नका. मंग आपलं जमन."

जमले. आम्ही मित्र होतो, असे मी म्हणणार नाही. त्याच्या घरी मी दोनदा गेलो असेन, तोही माझ्याकडे तितकाच आला असेल.

तो वडनेरचा. भाऊ शेती करीत. याला शेतीत रस नव्हता. उंच, वाळका, किंचित पोक असलेला. डाव्या भुवईचा अर्धा भाग ज्योतीने जळून गेला होता आणि पुन्हा उगवला नव्हता. त्यामुळे तो नेहमी कशाबद्दल तरी साशंक असल्यासारखा दिसे. तो खरोखरच साशंक असे. जोड भाजायला ज्योत पेटवली की बोलणे बंद. गिऱ्हाईक येवो, मालक येवो, तो उत्तर देत नसे. ज्योत विझल्यावर मागच्या प्रश्नाचे उत्तर देई, आणि तोवर विचारणारा बहुधा निघून गेलेला असे.

जोड गळतो की नाही हे पाहण्यासाठी इतर लोक साबणाचा फेस लावीत. देवराव रिठ्याचा लावी. रिठे रात्रभर भिजत घालून आणी. साबणाचा फेस लवकर मरतो, रिठ्याचा थांबतो, असे त्याचे म्हणणे. फेस लावून तो जोडासमोर उकिडवा बसे आणि बुडबुडा फुगतो का पाहत राही. नळीतला दाब किती, हे सांगणारे तबकडीचे मापक त्याच्या थैलीत कायम असे. लोकांची विचारपूसही तो याच शब्दात करी. माझ्या पत्नीला ताप असल्याचे कळल्यावर दारात उभा राहून त्याने विचारले, "वहिनी, दाब कसा हाय आता?" तिला वाटले, हा वैद्यक शिकलेला आहे.

त्याला विनोदबुद्धी नव्हती, असे लोक म्हणत. होती, पण ती त्याच्या रागातून येई. बाजारातल्या एका शेठजींच्या पेढीवर आम्ही यंत्र बसवले. पुढच्याच उन्हाळ्यात तक्रार आली की हवा गार येत नाही. जाऊन पाहतो तर बाहेरच्या भागावर चोरांच्या भीतीने लोखंडी पिंजरा, पिंजऱ्यावर गोणपाट, आणि गोणपाटावर एक गोधडी. जाळीला वारा म्हणून नाही.

"हे कोनं केलं जी?" देवरावने विचारले.

"मीच केलं," शेठजी म्हणाले. "आपन आत गार बसाचं आन् याले उन्हात उभं ठेवाचं? बरं दिसते का?"

"शेठ, तुमाले गोधडीत गुंडाळून पळाले लावलं तं?"

"मी काऊन पळू? माह्याकडं मोटार हाय."

देवरावने गोधडीची घडी घालून ती शेठजींच्या गादीवर ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात गोधडी पुन्हा यंत्रावर होती. शेठजींचा जीव यंत्रावर जडला होता. त्याला इलाज नव्हता.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. जिल्ह्यातील एका चित्रपटगृहात आमचे काम चालू होते. ही यंत्रे तीन फेजच्या विजेवर चालतात. तिन्ही तारांत वीज सारखी हवी. एक तार मेली तर मोटार नुसती हुंकारते, तापते आणि जळते. विहिरीवरचा पंप असा जळाला तर तो खोलून पुन्हा बांधता येतो. या यंत्राची मोटार लोखंडी कवचात सीलबंद असते. जळली की संपली. त्या दिवशी तिसरी तार मेलेली होती आणि मी एक भाग आणायला नागपूरला गेलो होतो. खेळाची वेळ झाली. लोक येऊन बसले. मालकाने देवरावच्या दाढीला हात लावला, म्हणाला, एवढ्या खेळापुरते चालव, पुढचे पुढे पाहू. देवरावने आपला शब्द मोडून विजेच्या खटक्याला हात घातला.

मी परतलो तेव्हा तो यंत्रापाशी बसला होता. नळी कापलेली होती. त्याच्या तळहातावर काळे तेल होते.

"वास घ्या," तो म्हणाला.

आंबट, घशाला लागणारा वास होता. जळालेल्या मोटारीच्या तेलाला तसाच वास येतो, आणि ते तेल सगळ्या नळ्यांतून फिरून त्याही खराब करते.

"हे मी केलं," तो म्हणाला. एवढेच. मालकाने पुढे पंखे लावले. देवराव त्या चित्रपटगृहात पुन्हा पाऊल ठेवायला गेला नाही, चित्रपटासाठीही नाही.

आता दवाखान्याविषयी.

वडनेरहून समुद्रपूरकडे जाताना एका गावी एक धर्मादाय दवाखाना होता. गावाचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. तिथे एक डॉक्टरीणबाई राहत. आठवड्यातून एकदा वर्ध्याहून शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर येत. उन्हाळ्यात अडचण होई. भूल देण्याचे ईथर त्या उन्हात बाटलीतून उडून जाई. बाई ती बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या पाण्यात ठेवीत, खिडक्यांना वाळ्याचे ताटवे लावून त्यांवर पाणी मारवीत, आणि सकाळच्या पहिल्या प्रहरात, जमेल तशी, शस्त्रक्रिया आटपून घेत. एका दात्याने हे पाहिले आणि शस्त्रक्रियेच्या खोलीसाठी थंड हवेचे यंत्र दिले.

देवरावला हे काम आपल्या मुलुखातले वाटले. त्या भागातल्या बाया बाळंतपणात अडल्या की तिथेच नेल्या जात. त्याने नळ्यांचा एकेक जोड असा भाजला की त्यावर हात फिरवला तर तो हाताला लागत नसे. आणि खिडक्या बुजवायला त्यानेच सांगितले.

बाईंना ते पटले नव्हते. "ताटवे लावायला एक तरी खिडकी राहू द्या, देवरावभाऊ. वीज यायला वेळ लागला तर?"

"उघडी खिडकी ठेवून गार हवा राह्यते का, बाई? दिवाळीच्या आत लाईन येऊन राह्यली. खांब येऊन पडले."

खांब खरेच येऊन पडले होते. दवाखान्याला तोवर साधी, एका फेजची वीज होती. तीन फेजची लाईन मंजूर झाली होती आणि खांब रस्त्याच्या कडेला आडवे होते. गवंड्याने दोन्ही खिडक्या विटांनी बुजवल्या. देवरावने नळ्यांत गॅस सोडला, मापक बसवले, रिठ्याचा फेस लावून प्रत्येक जोड पाहिला. एकही बुडबुडा आला नाही. माझ्या तारा तयार होत्या. फक्त वीज यायची होती.

दिवाळी गेली. खांबांवर लोक बसून गप्पा मारू लागले. पुढच्या पावसाळ्यात त्यांतले काही उचलून दुसऱ्या गावाला नेले. बाई अर्ज करीत राहिल्या. खोलीला आता खिडक्या नव्हत्या. पूर्वी उन्हाळ्यात सकाळी तरी काम होई. आता दार उघडले की आतून भट्टीसारखी धग येई. चैत्र लागला की खोलीला कुलूप पडे ते पाऊस येईपर्यंत. अडलेल्या बायकांना जीपने वर्ध्याला पाठवीत.

खिडकी पुन्हा फोडू या, असे बाईंनी दरसाल सुचवले. देवरावने दरसाल सांगितले, "औंदा येते, बाई." तो खोटे बोलत नव्हता. वीज कचेरीत तो स्वतः जाऊन बसे आणि तिथे त्याला तसेच सांगत.

सुटीच्या दिवशी तो एसटीने त्या गावी जाई. वर्ध्यात सांगे की वडनेरला जातो. यंत्र कधी चालले नव्हते, तरी मापकाचा काटा वैशाखात वर चढे आणि पौषात खाली येई. आतला गॅस हवेप्रमाणे तापे आणि निवे. देवरावला याचे अप्रूप होते. "श्वास घेऊन राह्यलं," तो मला म्हणे. काट्यावर न विसंबता तो दर खेपेस फेस लावून जोड पाही, पुसून काढी, बाहेरच्या जाळीतला कचरा मऊ ब्रशाने काढी आणि परतीची बस पकडी. दवाखान्यातली आया गिरजाबाई त्याची थट्टा करी. "आले जी जावाई! पोरगी अजून घुंगटातच हाय, न बोले न चाले." तो तिला कधी उत्तर देत नसे. चहा मात्र तिच्याच हातचा घेई.

लाईन आली ती ऐंशीनंतर, एका मे महिन्यात. दवाखाना चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी समारंभ ठरवला. नारळ आणला. वर्ध्याचे डॉक्टर पाहुणे म्हणून आले. अध्यक्ष बटण दाबणार होते. देवरावने धुतलेला सदरा घातला होता आणि तो बाहेरच्या यंत्रापाशी उभा होता, पंख्याकडे तोंड करून. मी खटका उघडून तारांना मीटर लावला. दोन तारा जिवंत होत्या. तिसरी मेलेली होती.

मी देवरावकडे पाहून नकाराची मान हलवली.

लाईनमनला बोलावणे धाडले. तो म्हणाला, मागे कुठेतरी तार तुटली आहे, शोधावी लागेल, आज होणार नाही. लोक थांबून होते. तेवढ्यात वडनेरहून एक बैलगाडी आली. गाडीत अडलेली बाई होती. बरोबर तिचा म्हातारा सासरा. देवरावच्या शेताशेजारी त्याचे शेत. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तिला तपासले आणि पोट उघडावे लागेल, असे सांगितले. मग ते शस्त्रक्रियेच्या खोलीत गेले आणि लगेच बाहेर आले. त्यांचा सदरा घामाने भिजला होता. "या खोलीत मी करू शकत नाही," ते म्हणाले. "भूलसुद्धा टिकणार नाही."

सगळे देवरावकडे पाहू लागले.

"दोन फेज हाय ना?" अध्यक्ष म्हणाले. "आमचे पंप दोन फेजवर चालून राह्यले, डबी जोडून. हे काऊन नाई चालत?" मेलेल्या तारेच्या जागी कंडेन्सरची डबी जोडून शेतकरी पंप रेटीत.

"नाई चालत, साहेब."

"पाहाले काय जाते?"

"जळन ते. हवा गार व्हायच्या आधी जळन."

म्हातारा पुढे आला. त्याने देवरावला दुसरे काही म्हटले नाही. नुसते नाव घेतले. "देवराव."

देवरावचा हात खटक्याकडे गेला नाही. यंत्र चालले नसते, हे मी विजेचा माणूस म्हणून सांगतो. परंतु न चालवता सांगितलेले कोणी मानत नाही, आणि त्या दिवशी तर कोणी मानावे अशी अपेक्षाही करणे योग्य नव्हते. बाईंनी वाद थांबवला आणि जीप काढायला सांगितली. तिला जीपमध्ये घेऊ लागले तेव्हा देवराव थैलीतून छिन्नी-हातोडा काढून खोलीत शिरला आणि बुजवलेली खिडकी फोडू लागला. विटा आत पडल्या. टेबलावर, भांड्यांवर, सगळीकडे चुन्याची धूळ बसली. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"राहू द्या, देवरावभाऊ," त्या म्हणाल्या. "ती गेली."

जीप रस्त्याला लागली होती, एवढाच त्या शब्दांचा अर्थ होता. अडलेली बाई वर्ध्याला पोचली आणि वाचली. मूल वाचले नाही.

तुटलेली तार पावसाळा लागल्यावर दुरुस्त झाली. तोवर वर्ध्याच्या डॉक्टरांनी येणे बंद केले होते. संस्थेने ठरवले की यापुढे तिथे शस्त्रक्रिया नको. नुसते औषधपाणी पुरे. यंत्र सुरू करण्याचे मग कारण उरले नाही. पुढच्या वर्षी बाई दुसरीकडे गेल्या. जाताना त्यांनी देवरावला दोष दिला नाही. इतरांनी दिला. वडनेरला लोक म्हणत, यंत्र होते, वीज होती, मिस्त्रीने चालू केले नाही. त्याच्या भावानेही एकदा म्हटले, असे मी ऐकले. देवरावने कोणाला समजावले नाही. तीन फेज म्हणजे काय, हे त्या म्हाताऱ्याला कोणत्या शब्दात सांगणार होता?

तो सुटीच्या दिवशी दवाखान्यात जातच राहिला. आता वडनेरचे नाव सांगत नसे. वडनेरला तो उतरतही नसे. शस्त्रक्रियेच्या खोलीत संस्थेने पोती आणि मोडकी खाटली भरली होती. फोडलेल्या खिडकीला पत्रा ठोकला होता. तो बाहेरच्या बाजूने यंत्रापाशी बसे, फेस लावी, पुसून काढी. मी एकदाच विचारले, "कोणासाठी, देवराव?"

त्याने बराच वेळ उत्तर दिले नाही. ज्योत पेटलेली नव्हती.

"जोड माहा हाय," तो म्हणाला.

ऐंशीचे दशक सरत आले तेव्हा संस्थेने यंत्र मोडीत काढायचे ठरवले. घेणाऱ्याला तांबे आणि लोखंड हवे होते. सोडवण्यासाठी आम्हा दोघांनाच पाठवण्यात आले. बसवले आम्हीच होते. दोघांचीही नोकरी सरत आली होती. मी खटक्यापासून यंत्रापर्यंतच्या माझ्या तारा सोडवल्या. वेळ लागला नाही. त्या तारांतून कधीच वीज गेली नव्हती. तांबे पहिल्या दिवसासारखे लखलखीत होते.

देवरावने नळ्या सोडवण्यापूर्वी शेवटचा फेस लावला. मला ते अनावश्यक वाटले. तो प्रत्येक जोडासमोर उकिडवा बसला. एकही बुडबुडा आला नाही. मग त्याने पाना लावून झडप उघडली. त्या काळी गॅस हवेतच सोडून देत. मोठा फुत्कार झाला. ओसरीवरचे रोगी उठून पाहू लागले. गिरजाबाई काठी टेकीत आली. तिला आता नीट दिसत नव्हते.

मे महिना होता. ओट्याच्या फरशीवर पाय ठेवता येत नव्हता. आणि झडपेच्या तोंडाशी, पितळेवर, पांढरे हिव धरू लागले. पाहता पाहता ते बोटभर जाड झाले. देवरावने गिरजाबाईचा हात धरून हलकेच त्यावर टेकवला.

"अगं माय!" ती म्हणाली. "बरफ व्हय का हे?"

"हो."

"मंग चालते ना जी हे?"

देवरावने तिचा हात सोडला. फुत्कार बारीक होत गेला आणि थांबला. मापकाचा काटा शून्यावर टेकला. हिव वितळले, ओट्यावर ओल उमटली, आणि तीही उन्हाने लगेच गेली.

मग त्याने नळ्या कापल्या. जाड कापली, बारीक कापली. चिंध्यांचा डबा त्याच्या थैलीत होता. मी तो सकाळी पाहिला होता. त्याने हत्यारे पुसून थैलीत भरली, थैली खांद्याला लावली आणि बसच्या रस्त्याला लागला. पोक आता पुष्कळच वाढले होते. फाटकापाशी तो थांबेल असे मला वाटले. तो थांबला नाही.

भिंतीतून बाहेर आलेल्या दोन्ही नळ्यांची तोंडे उघडी होती. वाऱ्यावर फुफाटा उडत होता. मी विजेचा माणूस. त्याच्या नळ्यांना मी कधी हात लावला नव्हता. त्या दिवशीही लावला नाही.